बटणं कापलेला कोट

९ जानेवारी

कर्नलसाहेब,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवशील आणि बाकीचं सगळं टपाल वाचून झाल्यावर उघडशील, हे मला माहीत आहे. पानातली नावडती भाजीही तू अशीच शेवटाला ठेवायचास. म्हणून कामाचं आधी लिहिते. मला तू इथे हवा आहेस, मार्चमध्ये, एका सकाळपुरता. ये, समितीसमोर उभा राहा, खरं बोल आणि परत जा. चहासुद्धा माझ्याकडेच घ्यायला हवा असं नाही.

आता कारण. पलटणीच्या संग्रहालयात खिंडीच्या मोहिमेचं नवं दालन होतंय. एप्रिलमध्ये उघडणार. तू त्या पलटणीचा माजी कमांडर, तुला सोनेरी काठाचं निमंत्रण येईलच. त्या दालनातल्या पुतळ्यांचे कपडे मी शिवते आहे. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, आणि सैन्याच्या कापडखात्यात जन्म काढलेली, जुन्या गणवेशाची शिवण हाताने चाचपून ओळखणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. म्हणून त्यांनी मला बोलावलं. तळमजल्यावर एक लांबट खोली दिली आहे. एक मोठी खिडकी, दोन टेबलं, वाफेची इस्त्री आणि भिंतीला टेकून उभे असलेले बिनडोक्याचे जवान. डोकी वेगळ्या खोक्यांतून येतात. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि मी त्यांना चक्क ‘बसा, बसा’ म्हणाले.

पुतळे सगळ्या प्रकारचे आहेत. मशीनगनवाले, दुर्बीण लावलेला अधिकारी, बिनतारी यंत्र पाठीवर घेतलेला एक, एक जखमी आणि त्याला उचलणारे. अख्खा हिवाळा पलटणीने खिंड धरून ठेवली आणि खालचा रस्ता बर्फाने बंद होता, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मी संचालकबाईंना विचारलं, “रस्ता बंद होता तर गोळ्या, पीठ, रॉकेल वर पोचलं कसं?”

“खेचरांवरून,” त्या म्हणाल्या. दालनात एक खेचर आहेही. छान झालंय, डोळे अगदी जिवंत.

“मग खेचर एकटंच नकाशा बघत वर गेलं का?”

बाई हसल्या. वाईट नाहीत त्या. त्यांनाही खेचरवाला हवा आहे, पण नियम आड येतो. तुला हे मी सांगायला नको, पण मला तो नियम बराच वेळ ऐकवला गेला, तर मी एकटीनेच का ऐकावा? सैन्यातल्या प्रत्येक कपड्याचा एक मोहोरबंद नमुना कोठीत असतो, लाखेचा शिक्का मारलेला, आणि शिंप्याने प्रत्येक टाका त्याच्याशी ताडून घालायचा. संग्रहालयही तेच धरून चालतं. अस्सल कपडा किंवा नमुना असेल तरच पुतळा उभा राहणार. खेचरवाल्यांना गणवेशच नव्हता, मग नमुना कुठला! ती भाड्याची माणसं. दंडाला पितळी बिल्ला, तोही मोहीम संपली की परत करायचा. अंगात जवानांचा जुना झालेला मोठा कोट. बाबांच्या कोटाचं आपल्या घरी काय झालं ते तुला आठवत असेलच. बाबांनी तो विरेस्तोवर वापरला, मग तो आपलं अंथरूण झाला आणि शेवटी पायपुसणं. गरिबाच्या घरी वस्तू जपून ठेवत नाहीत, संपवतात. आता मी अस्सल कोट कुठून आणू?

एकच वाट आहे. तो कपडा अंगावर असताना ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, अशा माणसाने समितीसमोर येऊन शिवलेल्या कपड्याची ओळख पटवायची. शिवणाऱ्याची साक्ष चालत नाही, म्हणजे मी बाद. आई केव्हाच गेली. उरलास तू.

आपले बाबा कोण होते म्हणून तू पलटणीत सांगितलं आहेस, ते मी विसरलेले नाही. तरीही बोलावते आहे.

ताई

२३ जानेवारी

ढब्बू,

कर्नलसाहेबांकडून उत्तर आलं नाही, म्हणून आता घरच्या नावाने हाक मारून बघते. हे नाव तुझ्या बायकोला माहीत आहे की नाही, देव जाणे. तिने पत्र वाचलं तर तिलाही कळू दे, तू लहानपणी कसा होतास ते.

मी हातावर हात धरून बसलेले नाही. खिंडीच्या मोहिमेतला एक नालबंद हयात आहे असं कळलं. दोन बस बदलून त्याच्या घरी गेले. नव्वदी ओलांडलेला म्हातारा, पण बोलायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. सुनेने मला खुर्ची दिली आणि ‘आता बसा ऐकत’ अशा नजरेने बघून ती आत निघून गेली.

“खेचरवाल्यांचे कपडे आठवतात का, आजोबा?”

“माणसांकडे बघायला वेळ कुणाला होता, बाई? मी सदा वाकलेला, खूर मांडीत धरलेला. खेचरं विचारा. एक ना एक सांगतो.”

आणि सांगितली की त्याने! कोणतं चावायचं, कोणतं पाण्याला घाबरायचं, कोणतं कड्यावरून गेलं. सगळं ऐकून घेतलं मी. मग एकदम म्हणाला, “एक होती फाटक्या कानाची. तिचा माणूस तिच्याशी बोलत बोलत चालायचा. घरचं सगळं सांगायचा तिला. त्याच्या धाकट्या पोराने एकदा बापाचा बिल्ला पळवला आणि शाळेत छातीला लावून मिरवला. दंड भरावा लागला बापाला. पण सांगताना असा हसायचा! खेचरीला तर सांगितलंच, आम्हालाही सांगितलं.”

माझा बाप आणि माझा भाऊ, असं म्हणायला हवं होतं. त्याने माझा हात हातात घेऊन बघितला आणि “शिवणकाम करता वाटतं,” म्हणाला.

तू तो बिल्ला मिरवला होतास, ढब्बू. पितळेचा चपटा तुकडा, त्यावर नुसता आकडा. तुला तो राजमुद्रेसारखा वाटला होता. मोठ्या मुलांनी तुझ्यामागे खेचराचे आवाज काढायला सुरुवात केली ती नंतर.

संचालकबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ताई, यातून खेचरीची ओळख पटली. कोटाची नाही.” बरोबरच आहे त्यांचं. म्हणून गाडी पुन्हा तुझ्या दारात.

ताई

७ फेब्रुवारी

ढब्बू,

तुझं पत्र आलं. टाइप केलेलं. सख्ख्या बहिणीला टाइप करून! खाली सही केलीस ती मेहेरबानी.

पण मजकुराबद्दल टोमणा मारणार नाही. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा मला सरळ लिहिलंस. तुझी वाक्यं मला आता पाठ झाली आहेत. ‘दालनात खेचरवाला असायलाच हवा. मी कमांडर असताना हे माझ्याच हातून व्हायला हवं होतं. पण साक्षीदार दुसरा शोध. निवडीच्या मुलाखतीत वडील काय करतात असं विचारलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सैन्यात होते, म्हणालो. हुद्दा विचारला. तोंडातून हवालदार निघून गेलं. नंतर ते मागे घ्यायला जागाच उरली नाही. माझा मुलगा आजोबांची तसबीर बघत वाढला, म्हणून सैन्यात गेला. आज तो याच पलटणीत कॅप्टन आहे. त्याला मी काय सांगू?’

एकोणिसाव्या वर्षी तू जे बोललास ते मी केव्हाच सोडून दिलं आहे. समोर लांब टेबल, पलीकडे सगळे मिशांचे, आणि तुझ्या पायात बाबांनी टाचा बदलून आणलेले बूट. मी असते तर मीही सुभेदार म्हणाले असते, हवालदारावर भागवलं नसतं. बाबांनाही कळलं होतं. तू सुट्टीवर आलास की ते शेजाऱ्यांसमोर जपून बोलायचे, तुझं बोलणं खोटं पडू नये म्हणून. खेचरांचा विषय निघाला की खोकला काढून उठायचे. माझा जीव तुटायचा ते बघून.

मला बोचते ती तसबीर. बाबा गेल्यावर तू चित्रकाराकडून काढून घेतलीस ती. ओळखपत्रावरचा बाबांचा चेहरा आणि खाली दुसऱ्याच कुणाचं तरी हवालदाराचं अंग. छातीवर पदकं, गळ्यापर्यंत लावलेली पितळी बटणं. गळ्याशी काही आलं की बाबांचा जीव घुसमटायचा, सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी कधी लावलं नाही. भेटायला आलेले तुझे अधिकारी त्या चित्रासमोर टाचा जुळवून उभे राहत होते आणि मी दारात उभी राहून बघत होते की हा माणूस कोण. मग मी पुढे गेले, खिळ्यावरून तसबीर उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. तू म्हणालास, “ताई, चालती हो.” मी चालती झाले.

त्याचा मला पस्तावा नाही. आज त्या खोलीत गेले तर आजही उतरवीन. जिवंतपणी त्यांनी तुझ्यासाठी तोंडाला कुलूप घातलं, ते त्यांनी आपल्या मनाने केलं. मेल्यावर त्यांना कुणी विचारलं नाही.

मुलाला काय सांगू, असं विचारतोस. जे खरं आहे ते सांग. त्याचा आजोबा बर्फातून फाटक्या कानाच्या खेचरीशी गप्पा मारत गोळ्या वर न्यायचा, आणि त्या गोळ्यांवर ही पलटण टिकली, असं सांग. कॅप्टन आहे तो, बाळ नाही.

दुसरा साक्षीदार नाही. असता तर तुझ्या मिनतवाऱ्या केल्या नसत्या.

ताई

२० फेब्रुवारी

ढब्बू,

कोट होत आलाय. कसा केला ते सांगते. तुला ऐकायचं नसलं तरी मला सांगायचं आहे.

आधी मी जवानाचा कोट शिवला, मोहोरबंद नमुन्याबरहुकूम. जाड लोकर, दुहेरी गळा, पाठीला घडी, पितळी बटणांवर पलटणीचं चिन्ह. संचालकबाईंना तो फार आवडला. मग मी कात्री घेतली आणि त्यांच्यासमोर सगळी बटणं कापून टाकली. त्या किंचाळल्याच.

पण तसंच होत होतं ना? पलटणीचं चिन्ह भाड्याच्या माणसाच्या अंगावर दिसता कामा नये, म्हणून जुना कोट खेचरवाल्याला देण्याआधी कोठीवाला बटणं कापून घ्यायचा. कोट तेवढा द्यायचा, तोही उघडा. ऐन हिवाळ्यात, खिंडीकडे जाणाऱ्या माणसाला! बटणांच्या जागी नुसते दोरे लोंबायचे. तो कोट घेऊन बाबा पहिल्यांदा घरी आले तेव्हा आईने कोठीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि जुन्या साडीच्या काठाच्या नाड्या करून लावल्या. बाबा म्हणाले, “बाळाचं झबलं केलंस की गं माझं!” आणि तेच झबलं घालून वर गेले.

तशाच नाड्या लावल्या आहेत मी. दोरे मुद्दाम तसेच ठेवले. मग कोट जुना करायला घेतला. हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड. भिजवायचा, चोळायचा, उन्हात टाकायचा, तारेच्या ब्रशाने आणि खरखरीत दगडाने जिथे माणूस झिजवतो तिथेच झिजवायचा. कोपरं, खिशांच्या कडा, जिथे जिथे दोरी आणि ओझं घासतं ती जागा. नवा कोट शिवायला लागला त्याहून जास्त वेळ त्याला जुना करायला लागला. काल तो पुतळ्याच्या अंगावर चढवला आणि मागे सरकले. डोकं अजून बसवलेलं नाही. तरी मी खाली बसले.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. तुझा अधिकारी झाल्यावरचा पहिला कोट मी शिवला, हे तुला माहीत आहे. बटणं लावायची वेळ आली तेव्हा बाबा समोर बसले होते. “एक मी लावू का?” म्हणाले. मी सुईदोरा दिला. त्यांनी बटण हातात घेतलं, सदऱ्याला पुसलं, चिन्ह सरळ येतंय ना ते बघितलं आणि लावलं. बोटं जाड, टाके वाकडे. मी म्हटलं, “बाबा, मी नंतर पक्कं करीन.” ते म्हणाले, “नको. निघणार नाही ते.” मी हात लावला नाही. तो कोट घालून केलेल्या तुझ्या पहिल्या संचलनाला तू बाबांना नेलं नाहीस, पण ते बटण गेलं तुझ्याबरोबर.

आता दुसरी गोष्ट, आणि ती वाचून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबणार. समिती अकरा मार्चला सकाळी बसणार आहे आणि मी साक्षीदार म्हणून तुझं नाव देऊन बसले आहे. पहिलं पत्र टाकलं त्याच दिवशी दिलं. बाईंनी विचारलं, ते येतील ना? मी म्हटलं, न येऊन सांगतो कुणाला!

ताई

४ मार्च

ढब्बू,

तुझ्या बायकोचा फोन आला. बिचारी दोन्हीकडून चेपली जातेय. म्हणाली, “ताई, ते जेवत नाहीत नीट. खोलीत येरझाऱ्या घालतात. तुमची पत्रं टेबलावर एकावर एक ठेवली आहेत. तुम्ही त्यांचं नाव मागे घ्या ना.” तुझा निरोप असा, की तू येणार नाहीस आणि मी तुला असं कोंडीत पकडायला नको होतं.

पकडलंय खरं. नाव मागे घेणार नाही.

तू नाही आलास तर काय होईल तेही मी बाईंना विचारून घेतलं. पुतळा वरच्या माळ्यावर जाईल आणि दालन त्याच्याशिवाय उघडेल. खेचर तसंच राहील, दोरी मोकळी सोडलेली. लोक येतील, शाळेची पोरं येतील, सगळे बघतील आणि दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं, असा प्रश्न कुणाला पडणार नाही. पलटणीच्या इतिहासात तो कुणालाच पडला नाही.

अकरा तारखेला मी कोट घेऊन उभी राहणार आहे, तू असलास तरी आणि नसलास तरी. समितीने नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहीन. त्याच्या पुढच्या वर्षीही. मला वाट बघण्याची सवय आहे, कापडखात्यात बढतीसाठी काय कमी बघितली? माझी नजर आहे, हात थरथरत नाही, आणि बाबांचा हट्ट माझ्याकडे आलाय. तुझ्याकडेही आलाय, त्याचीच तर पंचाईत आहे.

मी तुला हरवायला निघालेले नाही, एवढं लक्षात ठेव. मला माझा बाप त्या दालनात हवा आहे. आणि त्याला तिथे उभा करताना तू हवा आहेस. हे दुसरं मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. लाजले.

ताई

१२ मार्च

ढब्बू,

कालचं सगळं तू स्वतः पाहिलंस, तरी लिहिते. एकतर तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. आणि दुसरं, तू येण्याआधी माझी काय अवस्था होती ते तुला कळायला हवं.

वेळ होऊन गेली होती. लांब टेबलाशी समिती बसलेली, मधोमध आताचे कमांडर, शेजारी संचालकबाई. पुतळा कापडाखाली झाकलेला. बाई दाराकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. मी म्हटलं, “सुरू करा.” कापड मीच ओढलं. मनात म्हटलं, नाही आला. ठीक आहे. पुढच्या वर्षी.

आणि तू आलास. साधा सदरा, साधी विजार. कमांडर ताडकन उठले, त्यांच्यामागोमाग सगळे. तू त्यांना बसायची खूण केलीस. माझ्याकडे बघितलंसही नाहीस. सरळ पुतळ्याकडे गेलास, समोर उभा राहिलास, मग त्याला वळसा घालून मागे गेलास आणि तिथेच थांबलास. किती वेळ! तुझा चेहरा मला दिसत नव्हता. मला वाटलं, आता म्हणशील की फार जुनी गोष्ट आहे, आठवत नाही.

“हे चुकलंय,” तू म्हणालास.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“दोरीने झिजलेला खांदा उजवा केलाय,” तू म्हणालास. “आमच्या बाबांचा डावा खांदा झिजलेला होता. उजव्या हातात काठी असायची त्यांच्या.”

मग कमांडर म्हणाले, “आपले वडील, सर? पण ते तर हवालदार...”

“हवालदार नव्हते. मी तसं सांगत आलो. ते खेचरवाले होते.” तुझा आवाज चढला नाही की पडला नाही. “शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागून तळापर्यंत चालत जायचो. सगळी वाट माझ्यासमोर तोच खांदा असायचा. माझी चूक होणार नाही.”

मग तू पुढे आलास, वाकून नाड्या बघितल्यास. एक हातात धरलीस. “बाकी सगळं बरोबर आहे,” म्हणालास. “नाड्यासुद्धा.” आणि निघालास. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणालास, “ताई, उसवून नीट कर ते.” बस. चहा नाही, पाणी नाही.

आधी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर सैन्याचे कपडे शिवले, आणि भर सभेत हा माझी चूक काढतो! मग डोळे मिटून बाबांना आठवून बघितलं आणि कळलं. मी दारात उभी राहून त्यांची वाट बघायची. ते मला नेहमी समोरून दिसले, माझ्याकडे येताना. त्यांचा डावा तो माझ्या उजवीकडचा, आणि माझ्या मनात तो उजवाच होऊन बसला. शिंपिणीने करायची चूक नाही ही, पोरीने करायची आहे. तू त्यांच्या मागून चालत होतास, म्हणून तुला बरोबर आठवलं. मग मात्र मी रडले, संचालकबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून. कोणत्या खांद्यावर ते विचारू नकोस.

समितीने मंजुरी दिली. एकमताने. कमांडर बराच वेळ पुतळ्यासमोर उभे होते. मला म्हणाले, “सर हे आज बोलले, ते सोपं नव्हतं.” मी म्हटलं, “माझा भाऊ आहे तो.” इतक्या वर्षांत हे वाक्य मोठ्याने बोलले नव्हते, ढब्बू. तुझा मला किती अभिमान वाटला ते लिहायला बसले तर दुसरा कागद घ्यावा लागेल. म्हणून नाही लिहीत.

आता काम. कमांडर असंही म्हणाले, की असली बातमी पलटणीत लपत नाही, एक-दोन दिवसांत ती तुझ्या मुलाच्या कानावर जाईलच. तेव्हा हे पत्र मिळेपर्यंत तू त्याला सांगितलेलं असावंस. नसशील तर पत्र इथेच खाली ठेव आणि फोन उचल. मी थांबते.

सांगितलंस? मग पुढचं ऐक. दोन्ही बाह्या उसवून मी खांद्याचं कापड नवं घालते आहे, डावा पुन्हा पहिल्यापासून झिजवायचा आहे. दुरुस्त केलेल्या कपड्याला साक्षीदाराने पुन्हा येऊन ओळख द्यावी लागते. नियम मी केलेला नाही. म्हणजे दालन उघडायच्या आधी तुला परत यावं लागणार, आणि या वेळी चहा घेतल्याशिवाय मी सोडणार नाही.

येताना मुलाला घेऊन ये. फक्त त्याला आधी बजावून ठेव, की आजोबांसमोर नुसतं उभं राहायचं, सलाम ठोकायचा नाही. तू नव्या हुद्द्यावर गेलास तेव्हा मी एकदा बाबांना तुला भेटायला घेऊन आले होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याला कळलं की हे साहेबांचे वडील, आणि त्याने खाडकन सलाम ठोकला. बाबांनी मागे वळून पाहिलं, कुणाला केला म्हणून. मागे कुणीच नव्हतं. तरी ते बाजूला सरकले आणि त्या कुणाला तरी वाट करून दिली.

तुझी ताई